खारं पाणी, कडक ऊन आणि घरातल्या वस्तू

पुण्या-मुंबईकडच्या घरांसाठी लिहिलेला भांड्याकुंड्यांचा सल्ला खानदेशात निम्मा वाया जातो. मुंबईत माठातलं पाणी जेमतेम गार होतं, इथं दात शिवशिवतात. तिकडे धरणाच्या पाण्यावर गीझरची कॉइल वर्षानुवर्षं चालते, इथं बोअरच्या पाण्यावर ती लवकर जाते. तिकडे गच्चीवरची चटई पावसात कुजते, इथं उन्हात तिचा भुगा होतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारच्या हवेत ओल नावालाच असते आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ही इथली परिस्थिती धरून घरातल्या वस्तूंकडे पाहिलं की बऱ्याच तक्रारींचं मूळ सापडतं, आणि काही तक्रारी तर पैसे न घालवताच मिटतात.

माठापासून सुरुवात करू, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर भरली की पुढचे दोन महिने घराचं पिण्याचं पाणी त्याच्यावरच असतं.

पाणी गार करण्याचं काम मातीपेक्षा मातीतल्या मोकळ्या जागा करतात. कुंभाराच्या भट्टीत माठ साधारण ७०० ते ९०० अंशांना भाजला जातो. एवढ्या आचेवर मातीचे कण एकमेकांना चिकटतात, पण वितळून एकजीव होत नाहीत. चिनी मातीच्या कपात कणांमधल्या जागा काचेसारख्या द्रवाने भरून जातात, माठात त्या तशाच राहतात. मातीत मिसळलेली लीद किंवा भुसा भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी आणखी वाटा तयार होतात. मिसळलेली वाळू वेगळं काम करते: पडलेली भेग तिच्या कणांशी अडते, पुढे धावत नाही. या वाटांमधून पाणी बाहेरच्या अंगाला झिरपतं आणि तिथून उडून जातं. उडताना एक ग्रॅम पाणी सुमारे २,४०० ज्यूल उष्णता सोबत नेतं.

दहा लिटर पाणी १५ अंशांनी उतरवायला सुमारे ६२५ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणजे पाव लिटरच्या थोडं वर पाणी उडालं की काम झालं. प्रत्यक्षात भोवतालची तापलेली हवा सतत उष्णता आत ढकलत असते, म्हणून दिवसभरात त्याहून बरंच जास्त पाणी जातं. ‘माठ पाझरतो’ म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. बाहेरून कोरडा राहणारा माठ हा नुसता मातीचा डबा.

पाणी किती गार होईल याची खालची मर्यादा हवा ठरवते. हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. माठ त्याच्या खाली जाऊच शकत नाही, थोडा वरच राहतो. मुंबईच्या ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत हीच मर्यादा २९ अंशांची आहे. म्हणून मृगानंतर हवेत दमटपणा आला की जळगावचा माठही मुंबईसारखा वागायला लागतो. त्यात माठाचा दोष नसतो.

माठाचा खरा दोष तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसतो. अंगावर पांढरे डाग येतात, हात लावला तर खरखरीत लागतं आणि पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. पाणी उडतं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. ते छिद्रांच्या तोंडाशी साचतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं अर्धा लिटर पाणी रोज पाझरलं, तर १०० दिवसांत २५ ग्रॅम क्षार माठाच्या भिंतीत जाऊन बसतो. उपाय असा: माठ रिकामा करा, एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं मिश्रण बाहेरच्या अंगाला लावून दहा मिनिटं ठेवा, काथ्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा, मग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ते पाणी फेकून द्या. यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, सल्फेटाचे क्षार फारसे हलत नाहीत, त्यामुळे माठ पूर्ण नव्यासारखा होत नाही. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. ते छिद्रांत शिरतं आणि आठवडाभर पाण्याला वास येत राहतो. माझ्या मते माठ दर उन्हाळ्याला बदलायची वस्तू आहे. तो पाच वर्षं टिकवण्यात काही कमाई नाही.

विकत घेताना दोन गोष्टी तपासा. बोटाच्या पेराने वाजवला तर खणखणीत वाजला पाहिजे. भद्द आवाज आला तर केसासारखी भेग आहे किंवा माती कच्ची राहिली आहे. दुसरं, बाहेरून पाण्याचा थेंब ठेवून पाहा. तो थोड्याच वेळात मुरला पाहिजे. ऑइल पेंटने वेलबुट्टी काढलेले माठ शोभेला ठेवावेत, रंगाने छिद्रं बुजलेली असतात. काळा आणि लाल हा वाद निरर्थक आहे. भट्टीत हवा कोंडून धूर धरला की मातीतलं लोह आणि धुराचा कार्बन मिळून काळा रंग येतो, मोकळ्या हवेत भाजला तर लाल. गारवा छिद्रांवर अवलंबून असतो, रंगावर नाही. माठ तिवईवर, सावलीत, वारा लागेल असा ठेवा. भिंतीला टेकवला तर टेकलेली बाजू काम करत नाही.

घरातल्या कूलरलाही हाच नियम लागू होतो, आणि हाच आजारही. खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर खोलीतली हवा दमट होत जाते आणि तासाभरात गारवा संपतो. टाकीतलं पाणी उडत जातं तसं उरलेलं पाणी अधिकाधिक खारं होतं, म्हणून वरून नुसती भर घालत राहू नये. तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून भरावी. वाळ्याचे आणि गवताचे पडदे दगडासारखे होतात ते नेमकं हे न केल्यामुळे.

आता खापर, म्हणजे मातीचा तवा. मांडे, म्हणजे आपली खापरावरची पुरणपोळी, लोखंडी तव्यावर तशी का होत नाही याचं उत्तर आकड्यांत मिळतं. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की टेकल्या जागी जे तापमान तयार होतं, ते दोघींच्या उष्णता देण्या-घेण्याच्या क्षमतेवर ठरतं. २५० अंशांना तापलेल्या लोखंडावर ३० अंशांची कणीक टेकवली, तर टेकल्या क्षणी ती जागा २३० अंशांच्या वर जाते. लोखंड उष्णता भराभर पुरवतं आणि कणीक हरते. तेवढ्याच तापलेल्या खापरावर हीच जागा १४० अंशांच्या आसपास येते, कारण माती उष्णता हळू सोडते. पोळी पातळ, आत पुरणातला गूळ किंवा साखर. गोड पदार्थ १६०-१७० अंशांच्या पुढे भराभर करपायला लागतो. लोखंडावर वरचा पापुद्रा काळा पडेपर्यंत आतलं ओलं राहतं. खापर आचेचा झटका बसू देत नाही.

खापर तडकतं त्याची कारणं दोनच. एक ओल. कोपऱ्यात ठेवलेलं खापर पावसाळ्यात छिद्रांत पाणी धरून ठेवतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती १.७ लिटर जागा मागते आणि ती जागा मातीत नसते. दुसरं कारण गॅसची शेगडी. चुलीचा जाळ खापराच्या पोटात सगळीकडे पसरतो. गॅसच्या बर्नरचं कडं मात्र एक गोल पट्टा तापवतं आणि काठ थंड राहतात. तापलेला भाग प्रसरण पावतो, थंड काठ त्याला आवळून धरतात, आणि काठावर ताण येतो. भाजलेली माती दाब भरपूर सोसते, ताण मात्र अगदी थोडा. म्हणून भेग नेहमी काठापासून सुरू होते. गॅसवर करायचंच असेल तर मध्ये जाड लोखंडी पत्रा किंवा जुना तवा ठेवा, पहिली १५-२० मिनिटं मंद आच, नंतर हळूहळू वाढवा. वापरण्याआधी खापर दोन दिवस कडक उन्हात वाळवा. तापलेल्या खापरावर ओलं फडकं फिरवण्याची सवय सोडा.

तव्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात गैरसमज फार. बाजारात ‘लोखंडी’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. पत्र्याचा तवा म्हणजे मऊ पोलाद, त्यात कार्बन पाव टक्क्याहून कमी. तो वाकतो, फुटत नाही. बिडाचा तवा ओतीव असतो, त्यात कार्बन तीन-साडेतीन टक्के, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात. हे पापुद्रे म्हणजे आत आधीपासून असलेल्या बारीक भेगाच. म्हणून बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला की दोन तुकडे होतात, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर टणकन तडा जातो. जड असल्यामुळे तो उष्णता साठवून ठेवतो. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीला हेच लागतं: थंड, ओली भाकरी टाकल्यावर तव्याचं तापमान फार खाली येता कामा नये.

धिरड्यांसाठी तवा ‘बसवायचा’ असेल तर तेलाची निवड महत्त्वाची. तव्यावरचा काळा तुळतुळीत थर म्हणजे नुसतं जळकं तेल नव्हे. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात आणि टणक पॉलिमर तयार होतं. कोणतं तेल किती जोडलं जाईल याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून येतो. जवस १७० ते २००, करडई १४० च्या पुढे, सरकी १०० ते ११५, शेंगदाणा ८५ ते १०५, खोबरेल जेमतेम १०. खोबरेल तेलाने तवा कधीच बसत नाही. जवसाने थर सगळ्यात कडक होतो, पण इतका कडक की पुढे कपच्या उडतात. खानदेशात घरोघरी मिळणारं सरकीचं रिफाइंड तेल या कामाला उत्तम आहे. ना फार मऊ, ना फार ठिसूळ.

कृती सोपी, फक्त घाई नको. नव्या तव्यावर कारखान्याचं गंजरोधक तेल किंवा मेण असतं. ते गरम पाणी आणि साबणाने घासून काढा. तवा आचेवर पूर्ण सुकवा. कोमट असताना तेलाचे पाच-सहा थेंब सगळीकडे, पाठीलाही, चोळा. मग कोरड्या सुती कापडाने असं पुसा की जणू तेल चुकून लागलं होतं आणि ते काढून टाकायचं आहे. आता मध्यम आचेवर धूर येईपर्यंत आणि नंतर धूर थांबेपर्यंत तापवा, थंड होऊ द्या. असं चार-पाच वेळा. बहुतेकांचं चुकतं ते पुसण्यात. जाड थर दिला की ऑक्सिजन वरच्या अंगालाच पोचतो, खालचं तेल अर्धवट राहतं आणि तवा कायमचा चिकट होतो. तसा झाला तर पुन्हा तेल लावू नका. तासभर मंद आचेवर तापवून पाहा, नाहीतर घासून नव्याने सुरुवात करा. बसलेल्या तव्यात चिंच, टोमॅटो किंवा ताकाचा पदार्थ शिजवला की आम्ल थराखालच्या लोखंडापर्यंत पोचतं आणि थर सुटतो. गंज चढलाच तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, अर्धा तास. त्याहून जास्त ठेवलं तर आम्ल चांगलं लोखंडही खायला लागतं.

वांग्याचा आणि लोखंडाचा एक वेगळा हिशेब आहे. वांग्यात, कच्च्या केळ्यात, केळफुलात पॉलिफेनॉल भरपूर असतात. लोखंडाशी गाठ पडली की त्यांचा काळा-जांभळा संयुग तयार होतो. विळीवर चिरलेलं वांगं काळं पडतं, बिडाच्या कढईत परतलेलं भरीत राखाडी दिसतं आणि त्याला लोखंडाची चव येते. अपाय काही नाही, पण पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेलं भरताचं पांढरट-हिरवं वांगं काळं दिसावं असं कुणालाच वाटत नाही. भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचण्याच्या पद्धतीत हा प्रश्नच येत नाही. बडगी मात्र पाण्यात भिजत ठेवू नये. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेला खूप फुगतं, उभ्या दिशेला जवळजवळ नाही. भिजून एकदम उन्हात वाळली की याच फरकामुळे ती उभी चिरते. वापरून झाली की पुसून सावलीत वाळवा. वर्षातून दोनदा खाण्याचं जवस तेल पातळ लावून आठवडाभर मुरू द्या. शेंगदाण्याचं लावलं तर ते सुकत नाही, खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवस तेल चुकूनही नको, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

पितळेची भांडी पुन्हा माळ्यावरून खाली येऊ लागली आहेत, ही चांगली गोष्ट. पण कलई न करता ती वापरात येत असतील तर काळजीची. पितळ म्हणजे साधारण ६० ते ७० टक्के तांबं, बाकी जस्त. दोन्ही धातू आम्लात विरघळतात, म्हणून ताक कळकतं आणि आमटीला हिरवट चव येते. कथिलाचा पातळ थर, म्हणजेच कलई, मधे आला की हा संबंध तुटतो.

कलई करणारा काय करतो ते नीट पाहिलं तर चांगली कलई ओळखता येते. आधी भांडं कॉस्टिक किंवा आम्लाने धुऊन वाळूने घासतात. मग भात्याच्या कोळशावर तापवून आत नवसागराची पूड टाकतात. नवसागर ३४० अंशांच्या सुमारास अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लात फुटतो. पांढरा धूर उठतो तो हाच, म्हणून हे काम मोकळ्या जागेत आणि पोरांना दूर ठेवून. आम्ल पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं. त्याच क्षणी कथिलाची कांडी टेकवली की २३२ अंशांना वितळणारं कथिल तांब्याशी संयोग करून बसतं, आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवता येतं. घासण्यात किंवा नवसागरात कंजूषी केली की काळे ठिपके राहतात, आणि तिथून थर पहिल्याच महिन्यात सुटतो. काम झाल्यावर भांडं उजेडात तिरपं धरून बघा. ठिपके दिसले तर तिथल्या तिथे परत करून घ्या.

कथिल महाग असल्याने त्यात शिसं मिसळण्याचा मोह होतो, आणि शिसं पोटात जाणं घातक. ढोबळ तपासणी म्हणून कांडी हातात घेऊन कानाजवळ वाकवा. शुद्ध कथिल वाकताना करकर आवाज करतं, कारण आतले स्फटिक एकदम दिशा बदलतात. शिसं मिसळलं की हा आवाज मंदावतो. आणि शिसाळ कांडी पांढऱ्या कागदावर घासली तर राखाडी रेघ उठते. डाग देण्याची सोल्डरची तार कलईला वापरताना दिसली तर भांडं उचलून घरी या.

कलईच्या भांड्यात कोरडी फोडणी करू नये, इतकंच पथ्य. २३२ अंश ही फार वरची मर्यादा नाही. रिकामं भांडं मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटांत ती ओलांडतं आणि कथिल गोळा होऊन तळाशी ओघळतं. आधी पाणी किंवा डाळ, मग आच. फोडणी वेगळ्या पळीत करून वरून घाला. घासायला राख किंवा मऊ काथ्या, तारेची घासणी नाही. आत पिवळं दिसू लागलं की पुन्हा कलई करा, तारीख पाहायची गरज नाही.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. हा धातू मुळात फार चपळ, हवेत येताच त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच त्याला वाचवतो. ओरखडा पडला तरी थर लगेच भरून निघतो. पण हा थर आम्ल आणि अल्कली दोन्हींना बळी पडतो, आणि खानदेशातल्या घरांत त्याचा बळी जातो तो वाळवणाच्या दिवसांत. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, घाट्यात पापडखार पडतो. पापडखार अल्कली, तापलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तासभर घाटा शिजला की थर विरघळत राहतो, बुडाचा धातू खाल्ला जातो आणि घाट्याला करडी झाक येते. इथं स्टीलचं पातेलं हवं. स्टील उष्णता ॲल्युमिनियमच्या दहाव्या भागाहूनही कमी वाहून नेतं, म्हणून बर्नरच्या वर घाटा लागतो. त्यासाठी तळाशी जाड तवा ठेवायचा किंवा तीन थरांच्या बुडाचं पातेलं घ्यायचं. नुसतं जड पाणी उकळूनही ॲल्युमिनियम आतून काळं पडतं. तो रंग निरुपद्रवी आहे, चिंचेचं पाणी दहा मिनिटं उकळलं की जातो. खारवलेलं लोणचं किंवा मिठाची भाजी मात्र रात्रभर ठेवू नका. मिठातलं क्लोराइड थराला एका जागी भोक पाडतं आणि तिथून धातू खोल खाल्ला जातो.

स्टीललाही क्लोराइडच नडतं. तळाशी न विरघळलेलं मीठ बसलं की पांढरे ठिपके पडतात, ते घासून जात नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा. लोहचुंबक लावून स्टील पारखण्याची पद्धत अर्धवट आहे. चुंबक चिकटलं नाही तर ते ३०४ प्रतीचं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं, असू शकतं. किंवा २०० मालिकेतलंही असू शकतं, ज्यात निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. उलट ३०४ चं भांडं खोल दाबून घडवलं असेल तर त्याच्या काठाला थोडंसं चिकटतं. त्यामुळे भांड्यावरचा प्रतीचा ठसा आणि बिल, एवढ्यावरच भिस्त ठेवा.

गीझरचं थोडक्यात. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाणी जितकं तापवाल तितका कॅल्शियम कार्बोनेटचा थर जास्त बसतो, आणि ६० अंशांच्या पुढे तो झपाट्याने वाढतो. थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवलं तर निम्मं दुखणं टळतं. कॉइलवर थर चढला की तिची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापून जळते. सर्व्हिसिंगच्या वेळी मॅग्नेशियमची कांडी दाखवायला सांगा. टाकीऐवजी स्वतः गंजावी म्हणून ती बसवलेली असते, आणि संपली की टाकीची पाळी येते. सुट्या कॉइलसाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्याला ३० ग्रॅम, बुडबुडे थांबेपर्यंत.

राहिलं प्लॅस्टिक, आणि ते जळगावात राहणाऱ्याला टाळता येत नाही. इथल्या एमआयडीसीत चटया विणल्या जातात, पाइप आणि ठिबकच्या नळ्या निघतात. चटईची काडी पॉलिप्रॉपिलीनची. वितळलेला माल बारीक नळीतून बाहेर काढून ताणतात, त्यामुळे लांब रेणू एका दिशेला ओळीने बसतात. काडी लांबीच्या दिशेला भक्कम होते आणि रुंदीच्या दिशेला कमकुवत. म्हणून ती आडवी तुटत नाही, उभी चिरते. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक जादा फांदी असते आणि अतिनील किरण तिथंच घाव घालतात. साखळ्या तुटून आखूड झाल्या की काडीचा भुगा होतो. पुनर्वापराच्या मालात साखळ्या आधीच आखडलेल्या असतात, त्यामुळे स्वस्त चटई एका उन्हाळ्यात जाते. घेताना एक काडी नखाने दुमडून पाहा: पांढरी रेघ उठून लगेच मोडली तर माल जुना. बिबडे-कुरडया वाळवायला चटई वापरत असाल तर वर जुनी सुती साडी अंथरा. चटईही वाचते आणि प्लॅस्टिकचा भुगाही वाळवणात येत नाही.

काळ्या पाइपची गंमत कार्बनच्या काजळीत आहे. पाण्याच्या एचडीपीई पाइपात ती साधारण अडीच टक्के असते. ती अतिनील किरण वरच्या वर शोषून घेते, आतल्या साखळ्यांपर्यंत पोचू देत नाही. पांढऱ्या पीव्हीसी पाइपला हे संरक्षण नसतं, आणि तो ८० अंशांजवळ मऊही पडतो. सोलर हीटरचं गरम पाणी त्यातून नेऊ नये, त्यासाठी सीपीव्हीसी.

गच्चीवर पीव्हीसी पाइपचे सांधे गळतात ते बहुधा सोल्यूशन कमी पडल्याने नव्हे. दहा मीटरचा पाइप पहाटेपेक्षा दुपारी ४० अंशांनी जास्त तापला की तो जवळजवळ २८ मिलिमीटरने लांबतो. दोन्ही टोकं भिंतीत पक्की असतील तर हे २८ मिलिमीटर सांध्यावर येतात, रोज. क्लॅम्प किंचित सैल ठेवा म्हणजे पाइप सरकू शकेल. लांब सरळ ओळीत दर सहा-सात मीटरवर दोन-चार एल्बो वापरून एक वळसा द्या. आणि पाइपला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग मारा. ऑइल पेंट नको, त्यातलं थिनर पीव्हीसीला मऊ करतं.